शंभूराजची डिस्क

सांगली, १८ नोव्हेंबर २०२४

चि. रूपाली हिस,
नानासोचे आशीर्वाद, आणि सोनियाला तिच्या काकाचा पापा.

तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून पत्र लिहितो आहे. एका परीने ते बरेच झाले. जे सांगायचे आहे ते फोनवर सांगण्याजोगे नाही. ते टप्प्याटप्प्याने, पुन्हा मागे जाऊन वाचता येईल असेच लिहायला हवे. तंत्रनिकेतनात इतकी वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना मला एवढे कळले आहे की घाईने समजावलेली गोष्ट ऐकणाऱ्याची भीती वाढवते.

शंभूराजची हार्ड डिस्क माझ्याकडे आहे. दिवाळीच्या पाडव्याला तू सोनियाला घेऊन रहिमतपूरला माहेरी गेलीस, त्यानंतरच्या रविवारी मी इस्लामपूरहून पुढे आपल्या गावी गेलो, आईकडून ती मागून घेतली आणि सांगलीला आणली. घरातून निघताना तू आईला म्हणालीस, "तुम्ही मुद्दाम मोडली." त्याविषयी मी काही लिहिणार नाही. आईने डिस्क शंभूराजच्या ट्रंकेत कुलूपबंद केली होती हे खरे आहे. तू दिवसदिवस लॅपटॉपवर तिच्यातले फोटो पाहत बसून राहायचीस, पोर रडली तरी तुला ऐकू जायचे नाही, म्हणून तिने ती ठेवून दिली, हेही खरे आहे. दिवाळीत ती तुझ्या हाती परत आली तेव्हा चालू होईना. गोष्टी अशा एकामागून एक घडल्या की त्या एकमेकींमुळेच घडल्या असे वाटू लागते. तपासल्याशिवाय मी तसे म्हणणार नाही.

आता मुख्य मुद्दा. "डिस्क ओळखली जात नाही" हे ऐकून माणसे समजतात की सारे संपले. वास्तविक ओळखण्याच्या पायऱ्या असतात. दाराशी कोणी आले तर आधी कडी वाजते, मग आवाजावरून माणूस कळतो, मग चेहरा दिसतो, आणि तो कशासाठी आला हे सर्वांत शेवटी समजते. संगणकाचेही तसेच आहे. आधी त्याला केबल जोडल्याचे कळते, मग पलीकडे काही यंत्र आहे हे कळते, मग ते केवढे आहे, आणि शेवटी त्यावर काय लिहिले आहे. मी केबल बदलली. संगणकाच्या मागच्या बाजूला जोडून पाहिले, कारण तिथे वीजपुरवठा अधिक स्थिर असतो. दुसऱ्या संगणकावर लावले. संगणकात जोडलेल्या सर्व डिस्कची एक यादी उघडता येते. तिच्यात आपली डिस्क दिसली, पण तिच्या आकाराची जागा कोरी होती. म्हणजे कडी वाजते आहे. माणूस ओळखू येत नाही.

मग मी डिस्क कानाला लावली. फिरण्याचा बारीक आवाज आला आणि मला खरोखर आनंद झाला. मोटर जिवंत होती! पण पाठोपाठ टिकटिक ऐकू आली, आणि मी तत्काळ केबल काढली. टिकटिक करणारी डिस्क पुन्हा पुन्हा लावून पाहणे याइतका मोठा अपराध या विषयात नाही. दुसरा अपराध म्हणजे संगणकाने "फॉरमॅट करू का?" असे विचारल्यावर हो म्हणणे. तुझ्या लॅपटॉपने ते विचारले होते आणि तू नाही म्हणालीस, असे आईने सांगितले. फार शहाणपणाने वागलीस.

कुठे दुसरी प्रत असेल तर शोध. मला आशा कमी आहे. तुझ्या फोनमधली जागा भरली म्हणून शेवटच्या सुट्टीत त्याने सारे या डिस्कवर उतरवले आणि फोन रिकामा करून दिला. त्याचा स्वतःचा फोन त्याच्याबरोबरच, पलटणीच्या गाडीसकट दरीत गेला. सोनिया तेव्हा दहा महिन्यांची होती. तिला काहीच आठवणार नाही. भिंतीवरचा फोटो ओळखपत्रावरून मोठा केलेला आहे, आणि त्यातला तो ताठ चेहऱ्याचा माणूस आपल्यापैकी कोणी कधी पाहिलेला नाही. पोरीला हसताबोलता बाप दाखवायचा तर तो या डिस्कमधूनच काढावा लागेल. हे मला ठाऊक आहे, एवढे तुला कळावे म्हणून हे लांबलचक पत्र.

तुझा,
नानासो


सांगली, ३ डिसेंबर २०२४

चि. रूपाली,

तुझ्या भावाचा फोन आला. तुझा निरोप त्याने जसाच्या तसा दिला: "दुरुस्त करू नका. आहे तशी पाठवा." वस्तू तुझी आहे, मी ती पाठवीन. त्याआधी हे पत्र मात्र वाच, कारण साताऱ्यात एखाद्या दुकानदाराने केवळ कुतूहलाने ती लावून पाहिली तरी उरलेसुरले जाईल.

मी बाहेरचे प्लॅस्टिकचे आवरण उघडले आहे. आतली धातूची पेटी मी उघडलेली नाही आणि उघडणारही नाही. तिच्या पाठीवर हिरवा सर्किट बोर्ड असतो. केबल जिथे जोडतात तिथे त्या बोर्डावर पांढरट, खरखरीत थर जमलेला दिसला. म्हणजे कधीतरी ओल लागली आणि ती वाळली.

यापुढचे ऐकून तुलाही नवल वाटेल. अशा डिस्कला श्वास असतो! धातूच्या पेटीला टाचणीच्या टोकाएवढे एक छिद्र ठेवलेले असते. आतली आणि बाहेरची हवा सारख्या दाबाची राहावी म्हणून. आत आरशासारखी तबकडी फिरते, आणि तिच्यावरून वाचणारे हेड तबकडीला न टेकता हवेच्या थरावर तरंगत जाते. हे अंतर इतके कमी असते की धुराचा कण मध्ये आला तरी त्या हेडच्या वाटेत तो डोंगर ठरतो. आपल्या डिस्कच्या छिद्राजवळ वाळलेला एक डाग आहे. त्याची कडा लालसर आहे, गंज असावा. ओल कुठून आली ते निश्चित सांगता येत नाही. पावसाळ्यात ट्रंका ओल धरतात.

रविवारी गावी गेलो तेव्हा लालासाहेब तात्या ओट्यावरच बसले होते. आपल्या या चुलत्यांना कशावर उपाय ठाऊक नाही असे कधी झाल्याचे तुला आठवते का?

"तांदळात ठेव की रं. माजा मोबाइल हिरीत पडला हुता. तांदळात ठिवला, आजून वाजतोय."

"तात्या, मोबाइलचं वेगळं आसतंय."

"मग फ्रीजात ठेव. शेजारच्या गुंडाचा पोरगा म्हनत हुता."

"नको तात्या. थंडीनं आत दव धरतंय."

"आरं मग येवढं शिकून तू करतोयस काय? नुसता हात बांधून बसलायस?"

"व्हय तात्या. आत्ता तेच करायचं आसतंय."

"लय अवघड शाळा हाय गड्या तुजी," असे म्हणून ते चुना मळत बसले. आई आत होती. तिने बाहेर येऊन काही विचारले नाही.

पुण्याला एक प्रयोगशाळा आहे. तिथे धूळविरहित खोलीत अशा पेट्या उघडतात. तुझी परवानगी मिळाली तर मी स्वतः घेऊन जाईन. तोवर ती माझ्या कपाटात, कोरड्या जागी आहे, आणि कोणीही तिला हात लावणार नाही.

नानासो


गावाहून, १५ डिसेंबर २०२४

चि. रूपाली,

हे पत्र अर्धेच माझे आहे.

आज आई चुलीपुढे भाकरी थापत होती आणि मी पाटावर बसलो होतो. तिने मान वर न करता विचारले, "कशानं बिगाडली ती?"

"ओल गेली आत."

"कसली ओल? ट्रंक म्या फळीवर ठिवली हुती. तितं मुंगी बी जात न्हाई."

मी चुलीत काटकी सारली.

"नाना, वर्गात पोरं चुकल्यावर बसतूस तसा गप बसू नगंस. सांग."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, आणि आईने ती उलटली नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "नारळाचं पानी?"

मी होय म्हणालो नाही. नाही असे म्हणणेही मला जमले नाही. तिने तवा खाली उतरवला, हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. "कागद घे. म्या सांगतीया तसंच लिव. तुज्या पुस्तकावानी सुदरू नगंस."

म्हणून पुढचे तिच्या शब्दांत देतो.

"रूपाले, खंडेनवमीला आपल्यात समदी हत्यारं पुजत्यात, तुला ठावं हाय. इळा, खुरपं, कुऱ्हाड, टॅक्टरचा पाना, तुजी शिलाई मिशन सुदीक. शंभू सुट्टीवर आसला तर त्येचा पट्टा ठिवायचा. औंदा तू पोरीला घिऊन नवरात्रात म्हायेरला हुतीस. म्या ट्रंक उगाडली. पट्टा ठिवला, टोपी ठिवली. त्येच्या शेजारी ती काळी डबी दिसली. म्हनलं, त्येचं समदं हिच्यातच हाय, तर पयली पूजा हिची. हळदकुकू व्हायलं. नारळ फोडला आन पानी शिपडलं समद्यांवर, तिच्यावर जरा ज्यास्तच. इळ्याला पान्यानं काय हुतंय? मला काय ठावं, तिला सोसत न्हाई. पदरानं पुसली आन परत ट्रंकंत ठिवली.

म्या मोडली न्हाई ग. म्या पुजली.

तू मुद्दाम म्हनलीस तवा मला राग आला, कारन मला ठावंच नव्हतं. आता ठावं झालं. तू येवडं म्हन, सासूनं बिगाडली, त्ये खरं हाय. मुद्दाम म्हनू नगंस. डबी कुलपात का घातली म्हनशील, तर तुजं रडू मला बगवंना. तू निदान त्येला बगून रडत हुतीस. मला तर ते यंतर चालू करता बी येत न्हाई. पोरीच्या छातीला ओवा शेकत जा. थंडी लय पडलीया."

एवढे सांगून ती उठली आणि करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.

आता माझे. नारळाच्या पाण्यात क्षार असतात आणि साखर असते. क्षारांनी धातू खाल्ला जातो, साखर वाळून चिकट थर होतो. साध्या पाण्यापेक्षा ते कितीतरी अधिक घातक. डागाची लालसर कडा गंजाची नव्हती, कुंकवाची होती. मला ते पहिल्याच दिवशी कळले होते आणि मी तुला गंज असे लिहिले. आई हे वाचणार नाही, तरी लिहितो: मी तिला सांगितले नसते. तिने स्वतःच हिशेब लावला.

पुण्याला नेऊ का, एवढे कळव.

नानासो


पुणे, १० जानेवारी २०२५

चि. रूपाली,

तुझ्या भावाने कळवले, "ताई म्हणते, न्या." त्यापलीकडे तू काही म्हणालीस का, असे मी त्याला विचारले नाही.

प्रयोगशाळेत माझी एक जुनी विद्यार्थिनी निघाली. प्रियदर्शनी, कुपवाडची, वडिलांचा तिथे लेथचा कारखाना आहे. वर्गात सतत प्रश्न विचारायची. आता तिने मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"सर, खरं सांगा, किती वेळा लावून बघितलीत?"

"तीनदा."

"आमच्याकडं येणारा प्रत्येक जण तीनदाच सांगतो."

मी नारळाचे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडं चहा येतो, पुराचं पाणी येतं, एकदा तांबडा रस्सा आला होता. नारळ पहिलाच." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिने हसू आवरले आणि हळूच विचारले, "कुणाची आहे, सर?" मी सांगितले. त्यानंतर ती डिस्क दोन्ही हातांनी उचलून आत गेली.

तिने काय केले ते तुला समजायला हवे. बिघडलेला बोर्ड काढून त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचा बोर्ड बसवला तरी भागत नाही, कारण प्रत्येक बोर्डावर एक लहानशी चिप असते आणि तिच्यात त्या एकाच डिस्कच्या खोडी नोंदलेल्या असतात. दोन सख्खे भाऊ असले तरी एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायात चावते, तसे. ती चिप उचलून नव्या बोर्डावर बसवली. मग धूळविरहित खोलीत पेटी उघडली, तबकडी जमेल तितकी स्वच्छ केली, दुसऱ्या डिस्कचे हेड आणून बसवले. काल संध्याकाळी प्रथमच फोल्डरांची नावे पडद्यावर आली. मी काचेबाहेर उभा होतो. शंभूराजच्या पद्धतीने, सगळी नावे मराठीत: लग्न, गाव, तेजपूर, सोनिया.

आता कठीण भाग. तबकडीवर वाळलेल्या साखरेचे ओरखडे राहिले आहेत. त्यांच्यावरून जाताना हे दुसरे हेडही झिजणार, आणि तिसरे बसवण्याच्या स्थितीत तबकडी नाही. प्रियदर्शनीने स्पष्ट सांगितले: "हेड कधीही जाईल, सर. आधी कुठलं फोल्डर काढायचं ते ठरवा. दुसरं मिळेलच असं धरू नका."

मी आईला फोन केला. ती लगेच म्हणाली, "तिला इचार. तिचा न्हवरा, तिची पोरगी. आपून मदी पडायचं न्हाई."

म्हणून विचारतो. लग्नाचे शेवटी ठेवायला हरकत नाही, त्याचे काही फोटो इस्लामपूरच्या फोटोग्राफरकडे मिळू शकतील. तेजपूर सर्वांत मोठे आहे. त्यात त्याच्या पलटणीतले दिवस असावेत. गाव म्हणजे बहुधा मळा, बैल आणि तात्यांचे फोटो. सोनिया लहान आहे, तिच्या जन्मापासून शेवटच्या सुट्टीपर्यंतचे. फोल्डर उघडल्याशिवाय आत काय आहे ते मला सांगता येत नाही, आणि उघडायला गेलो तर तेवढे हेड झिजते. मी मत देत नाही. तू ठरव.

याच महिन्यात शंभूराजचे वर्षश्राद्ध आहे. तू यावेस असे आईने म्हटलेले नाही. पाडव्याला तिने अंगणात वाळत घातलेली सोनियाची दुपटी अजून आत नेलेली नाहीत, एवढेच सांगतो.

नानासो


सांगली, ६ फेब्रुवारी २०२५

चि. रूपाली,

तुझा संदेश मिळाला होता. एकच शब्द: सोनिया. इतक्या दिवसांनी तू मला स्वतः पाठवलेला तो पहिला शब्द. तो तसाच प्रियदर्शनीकडे दिला.

सोनिया हे फोल्डर जवळजवळ पूर्ण निघाले. काही फोटोंचा खालचा भाग करडा झाला आहे. फोटो वरून खाली ओळीओळीने साठवलेला असतो, म्हणून मधली ओळ गेली की खालचे सगळे जाते. बाकीचे स्वच्छ आहेत. त्यानंतर तिने तेजपूर सुरू केले आणि हेड गेले. तबकडीवर खोल ओरखडा पडला. पुढे काहीही मिळणार नाही. गाव नाही, लग्न नाही, तेजपूर नाही. मी तिला दोनदा विचारले. दुसऱ्यांदा तिने माझ्यासाठी चहा मागवला.

मी गावी जाऊन आईला इथे घेऊन आलो आणि आम्ही दोघांनी ते फोटो क्रमाने पाहिले. आता जे लिहायचे आहे त्यासाठी गेले काही दिवस मी हे पत्र लांबवत होतो.

त्यात शंभूराज नाही.

सोनिया पाळण्यात आहे, सोनिया तुझ्या मांडीवर आहे, न्हाऊन टॉवेलात गुंडाळलेली आहे, ट्रॅक्टरच्या सीटवर बसवलेली आहे. तू आहेस, कितीतरी फोटोंत तू वैतागून "पुरे आता" म्हणताना दिसतेस. आई आहे. लालासाहेब तात्याही आहेत. तो नाही, कारण फोन त्याच्या हातात होता. एका कोपऱ्यात त्याचा अंगठा आला आहे. अंगणातल्या एका फोटोत दुपट्यावर त्याची सावली आहे, टोपीसकट. लग्नातले सोडले तर तो स्वतः जिथे दिसला असता, त्याच्या मित्रांनी काढलेले असे सारे तेजपूरमध्ये होते.

दोन छोटे व्हिडिओ आहेत. त्यांत त्याचा आवाज आहे: "ए सोने, हिकडं बग. हिकडं, हिकडं. कोन हाय रं?" आणि मग तो स्वतःच हसतो. मी आईला समजावू लागलो की कॅमेरा धरणारा माणूस चित्रात येत नाही, त्याचे कारण असे की... तिने मला थांबवले. "गप. आवाज मोटा कर." मी केला. "परत लाव." मी परत लावला. संध्याकाळपर्यंत आम्ही तेच करत होतो. तिला यंत्र चालू करायला मी शिकवले. आता तिला येते.

तू हे फोटो रोज पाहत होतीस, तरी हेच नाव सांगितलेस; तुझी निवड चुकली असे वाटून घेऊ नकोस. तुझ्या जागी मी असतो तरी तेच नाव सांगितले असते.

प्रतींविषयी नियम असा की एक प्रत म्हणजे एकही नाही. मी तीन केल्या आहेत: एक इथे, एक गावी आईजवळ, एक तुझी. तुझी मी टपालाने पाठवणार होतो. आईने पाठवू दिली नाही. ती बुधवारी सकाळच्या गाडीने स्वतः घेऊन येते आहे. मी सोबत येतो म्हणालो तर म्हणाली, "तू आलास की बोलत बसशील." तिला गाडी लागते. स्टँडवर कोणाला तरी पाठव, आणि तू गेलीस तर फारच उत्तम.

आता शेवटचे. हे मला चौथ्या किंवा पाचव्या वेळी फोटो पाहताना लक्षात आले, आणि खात्री होईपर्यंत मी प्रत्येक फोटो पुन्हा तपासला. मोठी माणसे फोटोत कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघतात. तुझी नजर भिंगात आहे, आईची आहे. सोनियाची नाही. तिची नजर सगळीकडे भिंगाच्या किंचित वर आहे. एवढ्याशा पोरीला भिंग म्हणजे काय ते कळत नाही. फोन धरणाऱ्याचा चेहरा फोनच्या वर असतो, आणि ती त्याच्याकडे बघते आहे. जिथे हसली आहे तिथे त्याच्याकडे बघून हसली आहे.

ती थोडी मोठी झाली की विचारील, यात बाबा कुठे आहेत. तेव्हा तिचे बोट हातात घे. फोटोतल्या तिच्या डोळ्यांवर ते ठेव आणि हळूहळू वर ने, फोटोची कड ओलांडून, थोडे बाहेर.

तिथे.

तुझा,
नानासो